मध्येच येऊन बसलेला

आमच्या गावच्या जत्रेत दशावतार रात्री कधी सुरू व्हायचा हे मला आजवर नीट माहीत नाही, कारण तो सुरू होताना मी नेहमी झोपलेलो असायचो. काळ्या कपड्यांतला संकासुर ओरडायचा तेव्हा दचकून जाग यायची. मग थोडा वेळ आजीच्या पदराआडून बघायचं, तिनं दिलेला खाजा चघळायचा, पायपेटीच्या सुरावर पुन्हा डोळे मिटायचे. परत जाग येईतो राजाचं राज्य गेलेलं असायचं आणि राणी रानात रडत असायची. राज्य कुणी घेतलं, हे विचारायची गरज नसे. गोष्ट पुराणातली, सगळ्यांना ठाऊक. संवादही लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे मध्येच येऊन बसलेल्याला कुणी हसत नसे. आम्ही सगळेच मध्येच येऊन बसलेले.

हे सांगायचं कारण, चित्रपट आणि मालिका मी आजही तशाच बघतो आणि तरीही त्यांवर मतं देतो. बहरीनच्या बुदैया गावात राहून अठरा वर्षं झाली. एका कंत्राटदाराच्या कचेरीत हिशेब लिहितो. माझ्या मतांना काडीची किंमत नाही, पण मतं पुष्कळ आहेत.

बुदैया बेटाच्या वायव्य टोकाला आहे. मनामाहून येणारा बुदैया रस्ता रोपवाटिका आणि खजुरीच्या बागा ओलांडत इथे येऊन संपतो. हिवाळ्यात शनिवारी इथल्या बागेत शेतकऱ्यांचा बाजार भरतो, मुळा-पालेभाज्यांच्या जुड्या घ्यायला अर्धं बहरीन लोटतं. समुद्र पश्चिमेला, म्हणजे सूर्य पाण्यात बुडतो, आमच्या कोकणात बुडतो तसाच. फरक एवढाच की पलीकडे सौदीचा किनारा आहे.

भारताचं घड्याळ आमच्या अडीच तास पुढे. आईची रात्री आठनंतरची मालिका इथे संध्याकाळी सहाच्या सुमारास लागते आणि नेमका तेव्हाच मी तिला व्हिडिओ कॉल करतो. तिला मालिकाही सोडवत नाही आणि मुलगाही. मग ती फोन टीव्हीच्या बाजूला कपाटाला टेकवून ठेवते. मला दिसतं ते असं : टीव्हीचा डावा तुकडा, भिंतीवरचं कालनिर्णय, आईचा अर्धा चेहरा आणि मध्येच वरून जाणारी पाल. ‘ठरलं तर मग’ मी गेली दोन वर्षं याच कोनातून बघतोय. सायलीचं तोंड दिसतं, अर्जुन वकिलाचा फक्त खांदा. तरी काही अडत नाही. कट कोण रचतंय हे आईच्या तोंडावरून कळतं.

अशा तिरक्या बघण्याचा एक फायदा असतो. गोष्टीचा धागा हातात नसला की नजर आपोआप मागे जाते. भिंतीवर काय लावलंय, ओट्यावर काय ठेवलंय, बाईनं पदर खोचलाय का. आणि मागे बघायला लागलं की मराठी मालिकांचं खरं दुखणं दिसतं. त्या घरांमध्ये कुणी राहतच नाही. सोफ्यावर वर्तमानपत्र पडलेलं नसतं, दाराशी चपलांचा ढीग नसतो. स्वयंपाकघरात आठ माणसांचा स्वयंपाक होतो, पण कढईला काळा डाग नाही. लोक म्हणतात, मालिकांत कटकारस्थानं फार. असू देत की! कटकारस्थानं आमच्या वाडीतही होती. पण ती करणाऱ्या बायकांच्या हाताला नारळाचं दूध लागलेलं असायचं.

म्हणून ‘रात्रीस खेळ चाले’ मला अजून आठवते. 2016 साली ती सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या खऱ्याखुऱ्या घरात. भुताखेतांचा कारभार मला कधी पटला नाही, अण्णा नाईकांचे चाळे बघून आई चॅनेल बदलायची. मी मात्र मागची लालसर भिंत बघत बसायचो, पडवीत पडलेला उजेड बघायचो. आमच्या पडवीत दुपारी चारला तसाच पडतो. कुणी विचारलं मालिका कशी आहे, तर मी सांगायचो, ‘उत्तम.’ खरं तर उत्तम होती ती पडवी. परदेशात राहणाऱ्याच्या शिफारशीवर कुणी चित्रपट बघू नये. तो गोष्टीचं तिकीट काढून उंबरठा बघून येतो.

मालिकांच्या बाबतीत अरबांचा हेवा वाटतो. इथे नव्या मालिका येतात त्या मुख्यतः रमजानमध्ये. रोजा सुटला की घराघरांत टीव्ही, रोज एक भाग, आणि ईदचा चंद्र दिसण्याच्या सुमारास गोष्ट संपलेली! तीस दिवसांत माणसं भेटतात, भांडतात, मरतात, मोकळी होतात. आमच्या कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये (इथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, त्यात थंड फक्त लबान आणि पेप्सी) मी रमजानभर पाव घ्यायच्या निमित्तानं एकेक तुकडा बघतो. शब्द निम्मे कळतात. सासू मात्र सगळी कळते.

चित्रपटगृहाचं वेगळं. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून हिंदी-मल्याळम चित्रपट बऱ्याचदा गुरुवारीच लागतात, भारताच्या एक दिवस आधी. त्या एका दिवसाच्या जोरावर मी गावातल्या चुलतभावांवर बरीच वर्षं रुबाब केला आहे. मराठी चित्रपटाची कथा निराळी. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो : शुक्रवारी सकाळी, एकच खेळ, पैसे आगाऊ. बायका नऊवारी नेसून येतात, डब्यातून शंकरपाळे फिरतात, मध्यंतरात कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमतं. चित्रपट वाईट निघाला तरी कुणी तसं म्हणत नाही. पुढचा येणार नाही, ही भीती. मी स्वतः अशा दोन-तीन रद्दी चित्रपटांना ‘छान प्रयत्न’ म्हटलेलं आहे.

एका खेळासाठी एवढी धावपळ करणारे आम्हीच वेडे, असं वाटायचं. पण मी इथे नवा होतो तेव्हा दर गुरुवारी मॉलच्या वाहनतळावर सौदी नंबरपाट्यांच्या गाड्याच गाड्या दिसायच्या. जसरा गावाकडून सौदीला जाणारा 25 किलोमीटरचा पूल 1986 मध्ये खुला झाला, आणि सौदीत चित्रपटगृहं पस्तीसेक वर्षं बंद होती. माणसं बायकामुलांना घेऊन समुद्र ओलांडून चित्रपट बघायला यायची. एप्रिल 2018 मध्ये रियाधला ‘ब्लॅक पँथर’ लागला आणि त्यांची ती सक्तीची वारी संपली. चेकनाक्यावर दोन दोन तास उभं राहून जो चित्रपट बघितला जातो, त्याला वाईट म्हणायची हिंमत त्यांना तरी होत असेल का?

गेल्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरात, गावी होतो तेव्हा ‘दशावतार’ लागलेला होता. म्हणजे माझ्या लहानपणावरच कुणीतरी चित्रपट काढलेला. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री झालेत, दृष्टी जात चाललेला दशावतारी नट. सुबोध खानोलकरांचा हा चित्रपट पहिल्या अर्ध्यात इतका गोड चालतो की मी खुर्चीतल्या खुर्चीत जत्रेला पोचलो. आरशासमोर बसून नट स्वतःच्या हातानं तोंडाला रंग लावतो ते दृश्य बघताना मागच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘आता राजा होतलो.’ पुढे मग खाणीचे दलाल येतात, सुडाचं सत्र सुरू होतं, संगीत कानठळ्या बसवतं. माझ्या मते तिथे चित्रपटानं बाबुलीवरचा विश्वास सोडला. एका म्हाताऱ्यानं रंग पुसण्यात जेवढं नाट्य आहे तेवढं दहा खुनांत नाही. पण शिट्ट्या खुनांनाच पडल्या, हेही नोंदवून ठेवतो. शेवटी मीही एक मारली.

परतीच्या विमानाआधी मुंबईत एक रिकामी दुपार मिळाली आणि ‘साबर बोंडं’ बघितला. रोहन कानवडेंचा हा चित्रपट त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांमधला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला होता. सभागृहात आम्ही अकरा जण. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी दहा दिवसांच्या सुतकाला येतो, नातेवाईक लग्नाचा धोशा लावतात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या त्याच्या जवळ येत जातो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. शेळीचं ओरडणं, भांड्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, बस्स. आयुष्यभर मी चित्रपटांच्या मागचं बघत आलो. इथे मागचं आणि पुढचं असं काही वेगळं नव्हतंच. दोघे झाडाखाली पडलेले असतात तेव्हा झाडही त्यांच्याइतकंच महत्त्वाचं. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एकदाही घड्याळ न बघता पाहिलेला माझा हा गेल्या कित्येक वर्षांतला एकमेव चित्रपट. माझे वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो होतो आणि दहाव्याला रजा संपली म्हणून निघालो होतो. पुढचं इथे लिहीत नाही.

बुदैयाला परतल्यावर कोल्ड स्टोअरच्या चेट्टनना त्या चित्रपटाबद्दल सांगत होतो. मल्याळी माणसाला चित्रपटाबद्दल काही सांगणं म्हणजे भटजीला मंत्र शिकवणं. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘तुमच्याकडे गल्फवर एखादा नाही का आला?’ मी गप्प झालो. त्यांच्याकडे ‘आडुजीवितम्’ आहे. बेन्यामिन इथेच, बहरीनमध्ये, नोकरी करत होते तेव्हा त्यांनी ती कादंबरी लिहिली, 2008 ची. सौदीच्या वाळवंटात शेळ्यांमागे अडकून पडलेल्या नजीबची गोष्ट. ब्लेसींनी तिच्यावर चित्रपट काढला तो 2024 मध्ये. नजीब झालेल्या पृथ्वीराजची हाडं दिसतात त्यात. चित्रपट लांबलाय, वाळू जरा जास्तच सुंदर दिसते, ही माझी तक्रार. चेट्टन म्हणाले, ‘वाळू सुंदरच असते, तिच्यात काम करावं लागलं नाही तर.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी वातानुकूलित कचेरीत त्याच वाळूचे हिशेब लिहितो, ट्रकमागे किती दिनार एवढंच मला माहीत.

या बुदैयावरही चित्रपट व्हायला हवा, असं मला नेहमी वाटतं. 1923 मध्ये इंग्रजांशी बिनसल्यावर इथले दवासीर जमातीचे लोक गलबतांत बसून पलीकडे दम्मामला निघून गेले. ओस पडलेलं गाव, किनाऱ्यावरची कुत्री, उघडी दारं. बहरीनचा पहिला कथापट, बस्साम अल-थवादींचा ‘अल-हाजिज’, 1990 चा. तेव्हापासून झालेले कथापट मोजायला वेळ लागत नाही. कुणीतरी घ्या म्हणावं हा विषय. मागची भिंत मी दाखवतो.

न बघितलेल्या चित्रपटावरच माणूस जास्त ठाम बोलतो, हे मला 2025 नं शिकवलं. जानेवारीत ‘छावा’च्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि आमच्या गटावर दोन रात्री युद्ध पेटलं. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं, तरी युद्ध चालूच. चित्रपट तेव्हा कुणीच बघितलेला नव्हता. पुढे बघितला तेव्हा मला आवडला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब, थकलेला, कमी बोलणारा. हे मत गटावर टाकायचं धाडस झालं नाही. इथे टाकतो.

तोच अक्षय खन्ना डिसेंबरात परत आला, आदित्य धर यांच्या ‘धुरंधर’मध्ये, रहमान डकैत होऊन. तो गाडीतून उतरतो, नाचत पुढे जातो, आणि मागे वाजतं ‘फसला’. गाणं बहरीनच्या फ्लिपराचीचं! इथल्या बोलीतला शब्द, अर्थ साधारण धमाल. रोमन अक्षरांत लिहिताना मधल्या ‘स’च्या जागी ही पोरं 9 चा आकडा घालतात. इथे ते आधीपासून वाजत होतं, मी ते गाड्यांच्या काचांमधून ऐकून नाक मुरडलेलं होतं. भारतभर ते गाजलं आणि मग मलाही आवडायला लागलं. गंमत अशी की तो चित्रपट बहरीनमध्ये लागलाच नाही. आखातातल्या इतर देशांतही नाही.

शेजारचा बहरीनी मुलगा, बारावीतला, एका संध्याकाळी किनाऱ्यावर मित्रांना तो नाच करून दाखवत होता. हात वर, खांदे ढिले, हुबेहूब. मला बघून थांबला. ‘अंकल, चित्रपट कसा आहे?’

‘बघितला नाही रे. तू?’

‘नाही.’

मग आम्ही दोघं अर्धा तास त्या चित्रपटावर बोललो. त्याचं म्हणणं, खलनायकच खरा नायक असणार. माझं म्हणणं, लांबी जास्त असणार. दोघांचंही काही चुकलं नसावं.

त्या रात्री आईला फोन लावला तर आवाजच ऐकू येईना. वाडीत हळद होती. तिनं फोन खिडकीबाहेर धरला. मांडवातले निळे दिवे, फणसाचं झाड, झाडाखाली उभी केलेली रिक्षा, आणि स्पीकरच्या भिंतीतून ‘फसला’. पोरं नाचत होती, हात वर, खांदे ढिले. मी ओरडून सांगितलं, ‘आई, हे गाणं म्हणणारा आमच्या इथला आहे!’

‘काय?’

‘इथला! बहरीनचा!’

ती फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाली, ‘मग तुझ्या वळखीचो आसा काय रे तो?’