कोणत्या महिन्यात म्हणतेस?

एमबीएचा प्रकल्प अहवाल कसा तयार होतो, हे त्या वाटेने गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मागच्या वर्षीच्या यादीतून विषय उचलायचा, ओळखीच्या लोकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, रंगीत आलेख टाकायचे आणि स्पायरल बाइंडिंग करून जमा करायचं. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना उच्च शिक्षणातून जे काही मिळू शकतं, त्यात प्रश्न नीट विचारायला आणि उत्तर नीट लिहायला शिकणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं.

मी भूम तालुक्यातल्या ईटची. बालाघाटाच्या या माळावर पावसाचा भरवसा नाही, म्हणून शेतीला जनावरांची जोड. आणि दूध फार काळ टिकत नाही, म्हणून गावोगाव खव्याच्या भट्ट्या. जवळच्या कुंथलगिरीच्या नावाने हा खवा ओळखला जातो, त्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे माझ्या अहवालासाठी विषय मला शोधावा लागलाच नाही. प्रश्न मात्र शोधावा लागला. ‘खवा उद्योगाच्या समस्या’ असं लिहून नेलं, तेव्हा मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ‘‘हा विषय झाला. तुला जाणून काय घ्यायचंय?’’ पुष्कळ खाडाखोड झाल्यावर वाक्य उरलं ते असं: ईट परिसरातला दूध उत्पादक दूध डेअरीला घालायचं की भट्टीला, हे कशावर ठरवतो? या एका वाक्याने पुढचं सगळं काम सोपं केलं. कुणाला भेटायचं, काय मोजायचं, कोणता आकडा कितीही चांगला दिसला तरी सोडून द्यायचा, हे त्यातून ठरत गेलं.

प्रश्नावलीत लायकर्ट मापनश्रेणी होती. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ती मांडली आणि आज व्यवस्थापनाचा अहवाल तिच्याशिवाय क्वचितच पुरा होतो. ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच खाने. भट्टीवर कढई चढलेली, खवा खाली लागू नये म्हणून भट्टीवाल्या काकांचा हात सारखा फिरतोय, आणि मी वाचतेय, ‘‘मिळणाऱ्या दराबाबत मी समाधानी आहे.’’

‘‘कोणत्या महिन्यात म्हणतेस?’’ काकांनी विचारलं. ‘‘उन्हाळ्यात लग्नसराई असती, दर असतो, तर दूध नसतं. थंडीत दूध असतं, तर दराची बोंब. आता ह्यात टिक कुठं करणार तू?’’

पाचांपैकी एकाही खान्यात हे उत्तर बसत नव्हतं. वर्गात शिकवलेली ‘वैधता’ मला त्या कढईपाशी कळली. आपण जे मोजतोय असं म्हणतो, तेच मोजतोय का, एवढाच तो साधा प्रश्न. दराचा प्रश्न मग हंगामानुसार वेगळा विचारला. शिवाय दूध लिटरमध्ये विचारून भागत नव्हतं. म्हशीच्या दुधाचा साधारण पाच लिटरला किलोभर खवा पडतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी. डेअरी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून दर देते, भट्टीवाला लिटरमागे खवा किती उतरतो ते बघतो. एकाच चरवीतल्या दुधाला दोन ठिकाणी दोन मापं. ती एका तक्त्यात आणताना मी जितकं शिकले, तितकं सांख्यिकीच्या अख्ख्या पेपरात शिकले नव्हते.

लिहायचं कसं, याचा नमुना मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर सापडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात तो आहे. परवडणारी जमीन म्हणजे कुटुंब नीट जगवेल एवढी जमीन, अशी व्याख्या कीटिंज या अधिकाऱ्याने केली होती. बाबासाहेब ती आधी जशीच्या तशी समोर ठेवतात, आणि मग दाखवतात की ही मोजणी खर्चणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने झाली, उत्पादनाच्या बाजूने नाही. बैल, अवजारं, भांडवल यांच्याशी जमिनीचं प्रमाण बघितल्याशिवाय ती लहान की मोठी, हे ठरतच नाही. साहित्याचा आढावा म्हणजे काय, हे मला त्या पानांवर उमगलं. दहा जणांची नावं आणि सालं एकाखाली एक मांडणं म्हणजे आढावा नव्हे. आधीचा माणूस कुठवर पोचला ते प्रामाणिकपणे सांगायचं आणि तिथून पुढे आपलं पाऊल टाकायचं. तेच बाबासाहेब पुढे लंडनमध्ये रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी हरकती घेतल्यावर पुन्हा लिहून देतात आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवतात. लाल शाईने भरलेली प्रकरणं परत आली की मला ही हकीकत आठवते.

आम्हा विद्यार्थ्यांत खरी चर्चा चालते ती उचलेगिरी तपासणाऱ्या यंत्राने दाखवलेल्या टक्क्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून शब्द फिरवून टक्का खाली आणायचा खटाटोप. उचललेलं वाक्य यंत्राला सापडतं. उचललेला प्रश्न सापडत नाही, आणि माझ्या मते मोठी चोरी तीच.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘मर्यादा’ या प्रकरणाला दिला. लोक ते तीन ओळींत संपवतात. माझ्या मुलाखती हिवाळ्यापासून लग्नसराईपर्यंतच्या, पावसाळ्याचं चित्र त्यात नाही. बहुतेक उत्तरं पुरुषांनी दिली. गोठ्यातलं शेण काढणारे आणि धारेला बसणारे हात मात्र बाईचे, आणि दूध कुठे घालायचं यात तिचं म्हणणं किती, हे मला सांगता येत नाही. तेवढंच लिहिलं. निष्कर्षांतही ‘खवा उत्पादक’ खोडून ‘भेटलेले खवा उत्पादक’ केलं.

अहवाल ग्रंथालयात गेला की काम संपलं, हे मला मान्य नाही. मराठीत दोन पानी सारांश केला, त्यात डेअरी आणि भट्टीच्या दरांचा तक्ता घातला, आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना नेऊन दिला. काकांनी तक्ता बोट ठेवून वाचला. म्हणाले, ‘‘जळणाचा खर्च कमी धरलास. लाकूड इकत घेणाऱ्याला हे परवडत न्हाई.’’ घरचं जळण आणि विकतचं जळण असे दोन रकाने आता नव्याने करायला घेतले आहेत.