झाकण्याआधी मोजा

बांधकामातली चोरी भर दिवसा, दहा माणसांसमोर होते आणि संध्याकाळपर्यंत काँक्रीटखाली जाते. त्यामुळे आमच्या धंद्यात काय मोजलं याइतकंच, ते कधी मोजलं याला महत्त्व आहे.

पायाची खोदाई घ्या. मुरूम आणि कठीण खडक यांच्या दरांत मोठी तफावत असते. खोदाईआधी लेव्हल घेतल्या नसतील, खड्ड्यात कुणी उतरलं नसेल, तर पाया भरल्यावर मुरमाचा खडक करायला एम.बी.तली, म्हणजे मोजमाप वहीतली, एक ओळ पुरते.

कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांचं त्याहून वाईट. नकाशात १५० मिलिमीटरवर, जागेवर २०० वर. म्हणजे तीन मीटरच्या कॉलमला २१ ऐवजी १६ रिंगा. आठ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो भरते. वाचतात ते चिल्लर पैसे. पण भूकंपात उभ्या सळया फाकू न देण्याचं काम याच रिंगांचं. त्यांचा हूक १३५ अंशांत आत वळवायचा असतो. घाईत तो काटकोनातच सोडून देतात. टेप लावून हे तपासायला फार वेळ लागत नाही. फक्त शटरिंगची शेवटची बाजू बंद होण्याआधी तिथं उभं राहावं लागतं, आणि ठेकेदाराला नेमका तेव्हाच तुम्हाला चहा पाजायचा असतो.

काँक्रीटची ताकद तपासायला भरतात त्या क्यूबमध्येही हीच हातचलाखी. स्लॅबला एक माल, क्यूबला जास्त सिमेंटचा दुसरा. २८ दिवसांनी रिपोर्ट झकास येतो. स्लॅब मात्र होता तसाच राहतो. म्हणून मी क्यूब माझ्यासमोर, स्लॅबवर पडणाऱ्या मालातूनच भरायला लावतो आणि ओला असतानाच त्यावर खिळ्याने तारीख आणि सही कोरतो.

रेरा हा गृहप्रकल्पांचा कायदा आल्यापासून सहीची किंमत वाढली आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे झालेल्या कामाचे दाखले लागतात. इथं पाकिटापेक्षा एक साधं वाक्य जास्त चालतं : ‘साहेब, पुढच्या महिन्यात तेवढं काम होणारच आहे.’ माझं उत्तर ठरलेलं. मग सहीही पुढच्या महिन्यात. यात कामं सुटतात, हेही खरं. तरुण इंजिनिअरला एकट्याने हा नकार देणं जड जातं. वरिष्ठ पाठीशी नसेल तर नीतीचे वर्ग घेऊन काही उपयोग नाही.

नकार कुणीच दिला नाही की काय होतं ते पाहा : शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेल्या बेकायदा इमारतीत ७४ माणसं गेली. अटक झालेल्यांत बिल्डर होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीसही होते.

घर घेणाऱ्यांना एवढंच सांगतो : सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स जरूर बघा, पण क्यूबचे रिपोर्टही मागा. त्यांवर स्लॅब कोणता, तारीख कोणती, हे वाचा. द्यायला टाळाटाळ झाली तर टोकनचा चेक फाडू नका.