दिल्लीला जायचे, पण कोणत्या वाटेने?

दिवाळी झाली की आमच्या धुळ्याच्या घरात दिल्लीच्या सहलीचा विषय निघतो आणि संक्रांतीपर्यंत विरून जातो. यंदा तो विरू द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले. कारण आई. तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे त्रास देऊ लागले आहेत. दीक्षाभूमी तिने पाहिली, चैत्यभूमीला ती कितीतरी वर्षे जात होती. दिल्ली तेवढी राहून गेली. "माले बाबासाहेबनं घर देखनं शे," एवढेच ती म्हणते.

जळगावहून धाकटे बंधू, भावजय व मुले आली आणि बैठक बसली. मुलांना ताजमहाल हवा, भावजयींना लाल किल्ला व कुतुबमिनार. खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा दिल्लीत चारच दिवस निघाले. मग आम्ही कागद घेतला आणि आईची जागा सर्वांत वर लिहिली.

ती जागा म्हणजे २६, अलीपूर रोड. १९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर बाबासाहेब तेथे राहावयास गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीपर्यंत ते आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. ते जुने घर आता उरलेले नाही. त्या जागी उघडलेल्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. हे आईला सांगावे की नाही, याचा आम्हाला प्रश्न पडला होता. शेवटी सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "जागा तं तीच शे ना?"

दुसरा दिवस राष्ट्रीय संग्रहालयाचा. पिपरहवा येथील उत्खननात मिळालेल्या भगवान बुद्धांच्या अस्थी तेथे जतन केलेल्या आहेत. अस्थी कधी कधी दर्शनासाठी बाहेर नेतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. संग्रहालय व लाल किल्ला दोन्ही सोमवारी बंद असतात. तिसऱ्या दिवशी लाल किल्ला आणि त्याच्या जवळचा फिरोजशाह कोटला. तेथील अशोकस्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा गावाहून आणवला. त्यावरची ब्राह्मी अक्षरे पुढे कित्येक शतके कोणाला वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली. चौथ्या दिवशी जुने संसद भवन, ज्याला सप्टेंबर २०२३ पासून संविधान सदन म्हणतात. तेथील मध्यवर्ती सभागृहात २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. आत जाण्यास परवानगी लागते. न मिळाल्यास बाहेरून पाहू. कुतुबमिनार भावजयींनी आपणहून सोडला. मुलांसाठी परतताना आग्र्याला एक दिवस उतरायचे, मात्र तो शुक्रवार नको. त्या दिवशी ताजमहाल बंद असतो.

राहिला वाटेचा प्रश्न. धुळ्याहून बसने जळगाव, तेथून भुसावळ, मग पंजाब मेल किंवा कर्नाटक एक्सप्रेस, असे बंधूंचे म्हणणे. सोपे आणि सरळ. पण आम्ही धुळे-चाळीसगाव रेल्वेचा आग्रह धरला.

१९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. बहिष्कार घातलेल्या एका गावाची चौकशी करून ते याच धुळे मार्गावरून चाळीसगावला परतले. स्टेशनवर टांगे होते, पण त्यांना बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. हाकणारा आपल्यातलाच, सवय नसलेला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

त्यांना टांगा नाकारणाऱ्या त्या स्टेशनवर आमची मुले गाडीत बसतील, खिडकीशी कोण बसणार म्हणून भांडतील आणि कोणी त्यांना उठवणार नाही. त्यानंतर संविधान सदन पाहिले, तर त्या इमारतीत काय घडले ते त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बंधूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग आम्हीही जळगावहून चाळीसगावला येतो. तेथूनच सगळे मिळून निघू."

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके पडते, गाड्या तासन्‌तास रखडतात. म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला आहे. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल खूण केली आहे. आई रोज सकाळी ती पाहते.