तपासणी बापाची

भाची चार महिन्यांची होती. छाती घरघरते म्हणून तिला दाखवायला नेलं, आणि डॉक्टरांनी फुंकायला लावलं तिच्या बापाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला. "मला काय झालंय?" असं म्हणतच तो स्पायरोमेट्रीच्या खोलीत शिरला. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर उभी तंत्रज्ञ मुलगी ओरडतेय, "जोरात! अजून, अजून!" त्याला ठसका लागला. पंप देऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं, तर आकडा चांगलाच वर चढला. थंडीत जिना चढताना लागणारा दम तो इतकी वर्षं वाढत्या वजनाच्या नावावर खपवत होता. तो दमा निघाला.

बाळाला "जोरात फुंक" म्हणता येत नाही, ही खरी अडचण. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात १९८० पासून बाराशेहून जास्त नवजात मुलांची नोंद ठेवली गेली. त्यांतल्या काहींना झोपेत फुगवता येणारं जाकीट घालून, छाती क्षणभर दाबून, हवा किती वेगानं बाहेर पडते ते मोजलं. फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लिहिलं की ज्यांच्या श्वासनलिका आजारी पडण्याआधीच कमकुवत होत्या, त्यांनाच पुढे घरघरीचा त्रास जास्त झाला. बाविसाव्या वर्षीही अशी मुलं मागेच असल्याचं २००७ मध्ये दिसलं.

म्हणजे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. श्वासनलिकेच्या फांद्या गर्भात साधारण सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून होतात. वायुकोश मात्र जन्मानंतरही वाढत राहतात. नलिकांची घडण आईबापांकडून येते, आणि गर्भारपणात आईच्या रक्तातून जे पोचतं त्याचाही त्यावर परिणाम होतो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कोणी सिगारेट ओढतं का?" सगळे एका सुरात "नाही" म्हणाले, आणि ते खरंच होतं. वहिनी बाळंतपणाला माणदेशात माहेरी गेली होती. तिथे सकाळी चुलीशेजारी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना चोळायची, हे घरात कुणाला व्यसन वाटतच नाही. लग्नानंतर सुटलेली सवय तिला तिथे पुन्हा लागली. परतीच्या एसटीत तिनं मला हे सहज सांगितलं, दात घासण्याबद्दल बोलावं तसं.

मिश्रीत धूर नाही, पण निकोटिन आहे, आणि ते वारेतून बाळापर्यंत जातं. ओरेगॉनमध्ये गाभण माकडिणींना नुसतं निकोटिन दिलं, तरी पिल्लांच्या श्वासाचा वेग घटला. मुंबईत १२१७ गर्भवतींच्या पाहणीत, बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. हे २००४ मध्ये छापून आलंय. तरीही दवाखान्यातला प्रश्न सिगारेटपुरताच राहतो! पुढच्या भेटीत वहिनीनं स्वतःच डॉक्टरांना मिश्रीचं सांगितलं. त्यांनी पेन थांबवून तो शब्द कागदावर मराठीत लिहून घेतला.

दमा बापाला, मिश्री आईला. मग भाचीला नेमकं कुणाकडून काय आलं? एका बाळापुरतं हे सांगता येत नाही. टूसॉनमध्ये पहिल्या तीन वर्षांत घरघरणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त सहाव्या वर्षापर्यंत बरी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी तिच्या कागदावर दमा लिहिलेला नाही. मच्छर अगरबत्ती बंद, मिश्री बंद, थंडीत पुन्हा दाखवा. आणि बापाचा पंप रोज, दम लागो न लागो.