बीटाचा रस आणि बुडी

“सर, बीटाचा रस प्यायल्याने बुडी लांबते काय?” असे परवा एका विद्यार्थ्याने मला विचारिले. सन २०१२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांस, तो प्यायल्यावर श्वास सुमारे ११ टक्के अधिक वेळ कोंडून धरता येतो, असे आढळले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात मात्र तो वेळ उलट घटला!

मला आमच्या गावची विहीर आठवली. बाराव्या वर्षी, बुडी मारण्यापूर्वी, मी भराभर वीस दीर्घ श्वास घेतले होते. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. श्वासाची निकड जाणवून देणारा कर्बवायू तेवढा घटतो, आणि मनुष्य पूर्वसूचनेवाचून बेशुद्ध होतो. वडील बंधूंनी मला केसांस धरून वर काढिले.

“पोहावयास कोणाबरोबर जातोस?” मी त्या मुलास विचारिले.

“एकटाच, सर.”