हजेरीपट

हजेरीपटाची थट्टा करणारे पुष्कळ. पण मास्तराला विचारा. आज वर्गात कोण नाही, हे पटाखेरीज कोण सांगणार? माणसाच्या सांध्यांचाही असा पट असतो, हे मला वळसंगच्या आमच्या शेजारच्या काकूंनी सोलापुरात गुडघा बदलून घेतला तेव्हा कळले.

स्वीडनने गुडघ्यांचा पट १९७५ साली मांडला, खुब्यांचा १९७९ साली. सांधा कोणता, किती वर्षे टिकला, पुन्हा केव्हा बदलावा लागला, सारे त्यात. डेप्यू कंपनीचा एएसआर खुबा लवकर निकामी होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या पटाने दाखवले. २०१० साली तो जगभरातून परत घेतला गेला. आपल्या देशात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या. ठावठिकाणा लागला तो हजाराच्या आसपास रुग्णांचा. बाकीचे कुठे कण्हत असतील? आपल्या शल्यविशारदांच्या संघटनेचाही पट आहे. पण नोंद ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

काकूंच्या कागदांत गुडघ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी आहे. म्हटले, "जपून ठेवा."

"गुडघा माझ्यापाशीच आहे की मास्तर, कागद कशाला?"

मी काय सांगू? पोर हरवले, तर शोधायला निघते ते पटावरचे नावच.