पेंढ्यावरची पंचवीस मिनिटं

बलूनच्या इतिहासातली मेंढी, बदक आणि कोंबडा यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. 19 सप्टेंबर 1783 ला व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर हे तिघं उडाले आणि आठेक मिनिटांनी जिवंत उतरले. मला त्यांच्यापेक्षा खाली जळणाऱ्या पेंढ्याचं कुतूहल जास्त. बलूनचा पायलट आधी आगीकडे बघतो.

तो फुगा बनवणारे जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए हे भाऊ फ्रान्समधल्या आनोने गावचे कागद कारखानदार. त्याच वर्षी 4 जूनला त्यांनी गावात उडवलेला फुगा जाड्याभरड्या कापडाचा होता, आतून कागदाचे थर आणि तुकडे जोडायला सुमारे 1800 गुंड्या! भावांची समजूत अशी, की धुरात एक हलका वायू असतो आणि तोच फुगा उचलतो. म्हणून धूर भरपूर व्हावा अशा बेतानं ते पेंढा आणि लोकर जाळत. उचलते ती नुसती तापलेली हवा. तर्क चुकला तरी फुगा उडालाच.

21 नोव्हेंबरला माँगोल्फिए भावांच्याच फुग्यातून पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघं पॅरिसच्या ला म्युएतहून निघाले. फुग्याच्या तळाशी गोल सज्जा, मधोमध शेगडी, आणि तोल राहावा म्हणून दोघं समोरासमोरच्या बाजूंना. मध्ये कापड, त्यामुळे एकमेकांना दिसतही नव्हते. दार्लांद सीन नदी बघण्यात रमला, तेव्हा पिलात्रनं पेंढा टाकायला सांगत त्याला झापलं. बरोबरच होतं. आजही बर्नर पेटवल्यावर फुगा काही सेकंद ढिम्म असतो, मग उठतो. पुढचं ओळखून आधीच आग द्यावी लागते. थोड्याच वेळात ठिणग्यांनी कापडाला भोकं पडलेली दिसली. दार्लांदनं ओल्या स्पंजनं तिथली आग विझवली. पंचवीस मिनिटांत सुमारे नऊ किलोमीटर जाऊन ते उतरले, तेव्हा पेंढा बराच शिल्लक होता.

दहाच दिवसांनी झाक शार्ल आणि निकोला रोबेर हायड्रोजनच्या फुग्यातून दोनेक तास उडाले. हिशेब सरळ आहे: शंभर अंशांपर्यंत तापवलेली हवा घनमीटरला जेमतेम पाव किलो उचलते, हायड्रोजन किलोभराहून अधिक. शिवाय कापडाखाली जाळ नको. गरम हवेचा फुगा मागे पडला, यात नवल नाही.

पिलात्रनं मात्र दोन्ही एकत्र केले: वर हायड्रोजन, खाली शेगडी. इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी 15 जून 1785 ला तो पिएर रोमँसह निघाला. फुगा किनाऱ्याजवळच कोसळला आणि दोघंही गेले. आग लागली की हायड्रोजन निसटला, यावर अजून वाद आहे. माझ्या मते ती जोडणी मुळातच आत्मघातकी होती.

मागे पडलेला गरम हवेचा फुगा परतला तो विसाव्या शतकात. 22 ऑक्टोबर 1960 ला अमेरिकेत नेब्रास्कामध्ये एड योस्ट नायलॉनच्या फुग्याखाली प्रोपेनचा बर्नर लावून उडाला. जाळ झडपेनं हवा तेवढा वाढवता येई, हवा तेव्हा बंद करता येई. आज आम्ही वापरतो तो बर्नर याच जातीचा.